विहीर उपसायचं गणित: माझं उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या बरोब्बर पाचव्या हिश्शाचं येतंय

प्राजू_एफवाय
शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव जालना जिल्ह्यात, कॉलेज तालुक्याला. सोमवारी असाइनमेंट द्यायची आहे. नुसतं उत्तर नकोय, उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आहेच. माझं कुठे बिघडलं ते हवंय.

प्रश्न असा आहे. गोल विहीर, व्यास ६ मीटर, काठापासून तळापर्यंत खोली १५ मीटर. तळाशी ५ मीटर पाणी. सगळं पाणी काठापर्यंत उचलायला किती कार्य करावं लागेल? आणि ५ एचपीच्या पंपाला, कार्यक्षमता शंभर टक्के धरून, किती वेळ लागेल?

मी केलं ते असं. तळाला शून्य धरलं. तळापासून वाय उंचीवर डीवाय जाडीची पाण्याची चकती घेतली. क्षेत्रफळ π गुणिले ३ चा वर्ग, म्हणजे २८.२७ चौरस मीटर. चकतीचं वजन १००० × ९.८ × २८.२७ × डीवाय, म्हणजे साधारण २,७७,००० डीवाय न्यूटन. ती काठापर्यंत न्यायची तर अंतर (१५ − वाय). पाणी १० मीटरवर लागतं आणि १५ पर्यंत आहे, म्हणून लिमिट १० ते १५.

कार्य = २,७७,००० × ∫ (१५ − वाय) डीवाय, १० ते १५

इंटिग्रल १२.५ येतो. म्हणून कार्य ३४.६ लाख ज्यूल. पुस्तकात उत्तर १.७३ कोटी ज्यूल. भागून बघितलं तर बरोब्बर ५. एवढा नीट ५ आल्यामुळे मला वाटलं की कुठेतरी पाचाने गुणायचं राहिलं असणार. संध्याकाळपासून तो ५ शोधतेय. एचपीचा ५ नाही, कारण तो दुसऱ्या भागात येतो. पाण्याच्या उंचीचा ५ म्हणावा तर तो लिमिटमध्ये आलेलाच आहे.

एका अ‍ॅपवर प्रश्नाचा फोटो टाकला. त्याने काठाला शून्य धरून चार ओळींत १.७३ कोटी काढून दिलं, पण माझी पद्धत का चुकली ते कसं सांगणार? वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकीने सोडवलेल्या वहीचा फोटो टाकलाय, त्यात शेवटी उत्तर जुळवायला मधेच ५ ने गुणलंय. म्हणजे माझ्यासारखीच आहे ती, फक्त धीट.

आणखी एक. माझ्या उत्तराने पंपाला साडेपंधरा मिनिटं लागतात, पुस्तकाच्या उत्तराने १ तास १७ मिनिटं. आमच्या शेतातली विहीर जवळजवळ याच मापाची आहे, वीस फूट व्यास, आठ परस खोल. जेवताना बाबांना सांगितलं तर म्हणाले, "पंधरा मिनिटांत कोरडी? मग मी रात्री दोनला दारं धरायला कशाला जातो?" त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाचची मोटार चार तास घेते. म्हणजे पुस्तकसुद्धा चूक?


वेक्टर_वैताग
शुक्रवार, रात्री १०.०५

इतकं इंटिग्रेशन कशाला करत बसलीस? पाण्याचं वस्तुमान काढ, २८.२७ × ५ × १००० म्हणजे १,४१,३५० किलो. पाण्याचा मधला थर काठापासून १२.५ मीटर खाली. वस्तुमान गुणिले जी गुणिले १२.५, झालं १.७३ कोटी. परीक्षेत असंच लिहायचं. तीन ओळी, पाच मार्क.

बाबांचं मात्र बरोबर वाटतंय. माझ्या मामांकडेही विहीर उपसायला अर्धा दिवस जातो.


खडू_आणि_फळा
शुक्रवार, रात्री १०.५०

वैतागराव, उत्तर बरोबर दिलंत, पण तिने ते विचारलेलंच नव्हतं.

प्राजू, तुझी मांडणी मी कागदावर उतरवून घेतली. चकती बरोबर, वजन बरोबर, १५ वजा वाय बरोबर, इंटिग्रेशन बरोबर, आकडेमोडही बरोबर. एवढं सगळं बरोबर असून उत्तर जुळत नसेल, तर तू दुसरंच कुठलं तरी उदाहरण अगदी बिनचूक सोडवलं आहेस. ते कुठलं, एवढंच शोधायचं आहे. तो ५ शोधणं सोडून दे, तो हरवलेला नाही.

वहीत विहिरीचा उभा छेद काढ. तळाला ० लिही, काठाला १५. तू वाय तळापासून मोजतेस, म्हणजे बाण खालून वर. आता वाय १० ते १५ हा पट्टा पेन्सिलीने रंगव आणि काय दिसतं ते इथे लिही. मी जागा आहे.


प्राजू_एफवाय
शुक्रवार, रात्री ११.१५

सर!!! रंगवलं. पाणी काठाला टेकलंय, आणि खालचे दहा मीटर कोरे.

म्हणजे मी भर भाद्रपदातली तुडुंब विहीर घेतली आणि तिचं फक्त वरचं पाच मीटर पाणी काढलं. तेवढ्याला पंधरा मिनिटं लागणारच. प्रश्नातली विहीर उन्हाळ्यातली आहे, पाणी तळाशी.

तळापासून मोजायचं तर लिमिट ० ते ५. ∫ (१५ − वाय) डीवाय = ७५ − १२.५ = ६२.५. त्याला २,७७,००० ने गुणलं, १.७३ कोटी. आलं!

आणि ५ चं पण कळलं. तुडुंब विहिरीतलं ते पाणी सरासरी अडीच मीटर वर यायचं, उन्हाळ्यातलं साडेबारा मीटर. पाणी दोन्हीकडे तेवढंच, फक्त उचलणं पाचपट. १२.५ ला २.५ ने भागलं की ५.

लिमिट १० ते १५ डोक्यात कुठून आलं तेही लक्षात आलं. आमच्याकडे पाणी किती खोल म्हणून विचारलं तर सगळे काठापासूनच सांगतात. "दहा मीटरवर पाणी आहे" हे मी घरच्या सवयीने लिहिलं, आणि वाय घेतला वर्गात शिकवल्यासारखा तळापासून. अर्धं गणित काठावर उभं राहून केलं, अर्धं तळाशी बसून.


खडू_आणि_फळा
शनिवार, सकाळी ७.१०

छान. आता एक तपासणी सांगतो, अशा प्रत्येक उदाहरणात कर. इंटिग्रेशन करण्याआधी लिमिटची दोन्ही टोकं "किती अंतर उचलायचं" त्या पदात घालून बघ. तुझ्या मूळ मांडणीत १५ वजा १० म्हणजे ५, आणि १५ वजा १५ म्हणजे शून्य. शून्य याचा अर्थ असा की एका चकतीला उचलावंच लागत नाही, ती काठावरच आहे. ज्या विहिरीत पाणी दहा मीटर खाली आहे, तिथे हे कसं चालेल? तिथेच थांबायचं होतं. दुरुस्त मांडणीत टोकांना १५ आणि १० येतात. तळातल्या चकतीला पंधरा मीटर चढायचंय, पृष्ठभागावरच्या चकतीला दहा. जुळलं.

अ‍ॅपची मांडणीही खरी आहे. त्याचा बाण वरून खाली, अंतर नुसतं वाय, लिमिट १० ते १५. २२५ वजा १०० भागिले २, तेच ६२.५. बाण कुठूनही काढा, पण एकाच उदाहरणात दोन बाण नकोत.

वैतागरावांच्या पद्धतीबद्दल. ती चूक नाही, आणि योगायोगही नाही. क्षेत्रफळ कुठल्याही आकाराचं असो, ∫ (उचलायचं अंतर × चकतीचं वजन) म्हणजे एकूण वजन गुणिले गुरुत्वमध्याने चढायचं अंतर, हे नेहमीच खरं असतं. विहीर सरळ भिंतींची असल्यामुळे गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर सापडला, एवढी सोय झाली. भांडं शंकूचं दिलं तर वैतागराव मध्य कुठे घेतील?


वेक्टर_वैताग
शनिवार, सकाळी ९.३०

शंकूचा गुरुत्वमध्य टोकापासून तीन चतुर्थांश उंचीवर. पाठ आहे, सर.


खडू_आणि_फळा
शनिवार, सकाळी ९.४५

पाठ आहे हे मान्य. तो तीन चतुर्थांश काढला कोणी, आणि कशाने?

प्राजू, तुझ्या असाइनमेंटमध्ये पुढचा प्रश्न शंकूचाच असणार, बहुतेक ठिकाणी असतो. दोन्ही पद्धतींनी कर.


प्राजू_एफवाय
शनिवार, दुपारी १.२०

आहेच, सर! टोक खाली असलेली शंकूच्या आकाराची टाकी, उंची ४ मीटर, वरच्या तोंडाची त्रिज्या २ मीटर, पाण्याने काठोकाठ भरलेली. सगळं पाणी वरच्या कडेपर्यंत आणायचं.

बाण टोकापासून वर. वाय उंचीवर त्रिज्या वाय भागिले २, अंतर ४ वजा वाय, लिमिट ० ते ४. आधी टोकं तपासली. तळाशी ४ मीटर, वर शून्य. टाकी काठोकाठ भरलेली असल्यामुळे इथे शून्य बरोबर आहे. इंटिग्रल करून १६π भागिले ३ आलं, त्याला ९८०० ने गुणून १,६४,००० ज्यूलच्या थोडं वर. मग वैतागदादांच्या पद्धतीने केलं. पाणी १६,७५५ किलो, गुरुत्वमध्य टोकापासून ३ मीटरवर, म्हणजे कडेपासून फक्त १ मीटर खाली. १६,७५५ × ९.८ × १. तेच उत्तर!

मग गंमत म्हणून टाकी उलटी केली, टोक वर, आणि पाणी टोकातून बाहेर काढायचं. तेवढंच पाणी, तेवढीच उंची, पण गुरुत्वमध्य आता टोकापासून ३ मीटर खाली. कार्य तिप्पट. इंटिग्रेशननेही १६π येतं, म्हणजे आधीच्या तिप्पटच. हे असाइनमेंटमध्ये विचारलेलं नाही, पण लिहिणार आहे.

बाबांचे चार तास मात्र अजून तसेच आहेत. १ तास १७ मिनिटं हे गणिताने बरोबर, चार तास हे डोळ्यांनी बघितलेलं. मधले पावणेतीन तास कुठे गेले?


मोटार_रिवायंडिंग
शनिवार, दुपारी २.१५

ताई, मी सोलापूरकडचा. मोटारी भरायचं दुकान आहे. गणित फार येत नाही, पण विहिरी पुष्कळ बघितल्यात. तुमच्या पुस्तकवाल्याने विहीर घेतली ती शेतात नाही, कागदावर आहे.

पहिली गोष्ट, पाणी काठावर आणून कोण सोडतं? ते हौदात नाहीतर वरच्या बांधावर जातं. तिथवर किती चढ आहे तो मोजा. दुसरी, मोटारीच्या पाटीवर ३.७ किलोवॅट लिहिलेलं असतं, म्हणजे दांड्यावर मिळणारी ताकद. त्यातली सगळी पाण्याला मिळत नाही. पंप्याची पाती झिजलेली, फुटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा, पाइपात वळणं. जुन्या पंपात निम्मी ताकद गेली असं धरा, फार चुकणार नाही. तिसरी, आणि हीच सगळे विसरतात, विहिरीला आवक असते. तुम्ही वरून काढता, कपारीतनं झरा खालनं देतच असतो.

आणखी एक, पुस्तकात नसेल. दहा मीटरवरचं पाणी काठावर मोनोब्लॉक बसवून ओढता येत नाही. सहा-सात मीटरच्या पुढे पंप पाणी सोडतो. म्हणून मोटार विहिरीत चौथऱ्यावर उतरवतात, नाहीतर पाणबुडी टाकतात. तुमच्याकडे काय आहे?

बाबांना तीन गोष्टी विचारून सांगा. काठापासून हौद किती उंच, पाइप किती इंची, आणि मोटार बंद केल्यावर तासाभरात पाणी किती चढतं.


खडू_आणि_फळा
शनिवार, दुपारी ३.००

दुकानदार दादा, तुमच्या सहा-सात मीटरमागचं कारण प्राजूसाठी लिहितो. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला हवेचा दाब फार तर १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो. जालन्याचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच आहे, तिथे हा आकडा पावणेदहाच्या जवळ येतो. म्हणजे उत्तमातला उत्तम पंप काठावर ठेवला, तरी १० मीटर खालचं पाणी त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. पंपाला पाणी दहा मीटरच्या आसपास अडतं याची नोंद गॅलिलिओने १६३८ मध्ये केली होती, आणि १६४३ मध्ये टॉरिसेलीने पाण्याऐवजी पारा घेऊन हवेचा दाब मोजून दाखवला. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, म्हणून १० मीटरच्या जागी ७६ सेंटिमीटरमध्ये काम भागलं.

पुस्तकात मोटार कुठे ठेवली ते सांगितलेलं नाही, त्यामुळे पुस्तक सुटलं.


प्राजू_एफवाय
शनिवार, रात्री ८.३०

काका, पाणबुडीच आहे. बाबा तुमचा मेसेज वाचून खूश झाले. म्हणाले, "हा माणूस विहिरीत उतरलेला आहे."

मोजमापं अशी. काठापासून हौदाचं तोंड ४ मीटर वर (हौद चढावर आहे). पाइप तीन इंची, विहिरीतून हौदापर्यंत सगळा मिळून शंभर फूट. विहीर जवळजवळ कोरडी झाल्यावर मोटार बंद केली, की तासाभरात साधारण एक फूट पाणी चढतं. हे बाबांनी विचार न करता सांगितलं. मी दोरीला गाठ मारून खात्री करून घेतली, बरोबर आहे.

सर, चढाचं आणि निम्म्या ताकदीचं मी करून घेतलं. सरासरी उंची १२.५ अधिक ४ म्हणजे १६.५ मीटर, आणि ताकद ३७३० ची निम्मी, १८६५ वॅट. मोटार सेकंदाला १८६५ भागिले (९८०० × १६.५) म्हणजे ०.०११५ घनमीटर पाणी काढते, साडेअकरा लिटर. नुसतं एवढ्याने वेळ ३ तास २५ मिनिटं येतो. झऱ्याचं कसं धरायचं ते कळत नाही. एक फूट तासाला म्हणजे सेकंदाला २.४ लिटर. ते सरळ वजा केलं तर ४ तास १९ मिनिटं येतात. पण विहीर भरलेली असते तेव्हा झरा एवढा देत नसणार ना?


वेक्टर_वैताग
शनिवार, रात्री ८.५०

एक मिनिट. साडेअकरा लिटर कायम कसे राहतील? सुरुवातीला पाणी हौदापासून १४ मीटर खाली, शेवटी १९ मीटर. उपसा १३.६ वरून १० लिटरवर येईल.


खडू_आणि_फळा
शनिवार, रात्री ९.२५

वैतागराव, शंका रास्त आहे. झरा नसता तर मात्र सरासरी उंची घेऊन येणारा वेळ बरोबर असता, कारण वेळ म्हणजे एकूण कार्य भागिले ताकद, आणि एकूण कार्य गुरुत्वमध्याच्या उंचीवरून येतं हे आपण सकाळीच पाहिलं. झरा आला की थोडा फरक पडतो. पहिल्या हिशोबाला साडेअकरा स्थिर धरू.

प्राजू, झरा भरलेल्या विहिरीत कमी देतो ही तुझी शंकाच गणिताची किल्ली आहे. उपसा सुरू करण्यापूर्वी पाणी एका पातळीला स्थिर उभं होतं, म्हणजे त्या पातळीला झरा शून्य देतो. तिथून पातळी जितकी खाली जाईल तितका झरा जास्त, सरळ प्रमाणात धर. पातळी किती उतरली त्याला एस म्हण. मोटारीचा उपसा क्यू. झरा के गुणिले एस. विहिरीचं क्षेत्रफळ ए. मग,

ए × डीएस/डीटी = क्यू − के × एस

डावीकडे विहिरीतलं पाणी सेकंदाला किती घटतं ते, उजवीकडे काढलेलं वजा आलेलं. याच साच्याचं समीकरण पावसाच्या थेंबाला हवेचा अवरोध वेगाच्या प्रमाणात धरून मांडतात, आणि कपॅसिटर रेझिस्टन्समधून चार्ज होतो तिथेही हेच येतं. थेंबाला जो अंतिम वेग, तो इथे क्यू भागिले के. उद्या सोडवून टाक. के कुठून काढायचा ते तुझ्या बाबांनी सांगितलेलंच आहे.


प्राजू_एफवाय
रविवार, दुपारी १२.४०

सोडवलं. सगळं लिहिते, कुठे घसरले असेन तर सांगा.

के साठी: ५ मीटर उतरल्यावर झरा सेकंदाला २.४ लिटर देतो, म्हणून मीटरमागे ०.४८ लिटर, म्हणजे ०.०००४८.

समीकरणात एस असलेलं पद एकीकडे आणि टी दुसरीकडे नेलं, दोन्हीकडे इंटिग्रेट केलं. टी शून्य असताना एस शून्य, तिथून स्थिरांक गेला. शेवटी,

टी = (ए / के) × लॉग [ १ / (१ − के एस / क्यू) ], लॉग नैसर्गिक

ए भागिले के ५८,९०० सेकंद. एस ५ घातल्यावर के एस भागिले क्यू ०.२०९. लॉगची किंमत ०.२३४. टी सुमारे १३,८०० सेकंद.

तीन तास पन्नास मिनिटं!

बाबांना दाखवलं. त्यांनी वहीकडे बघितलं नाही, फक्त म्हणाले, "दहा मिनिटं स्टार्टर ट्रिप होण्यात जातात, ते धर."

क्यू भागिले के २४ मीटर येतं. म्हणजे विहीर कितीही खोल असती आणि मोटार कितीही वेळ चालली असती, तरी पाणी मूळ पातळीच्या २४ मीटरखाली गेलं नसतं. आमचं पाणी फक्त ५ मीटर, म्हणून विहीर कोरडी होते. पण झरा जोरात असेल आणि क्यू भागिले के ५ पेक्षा कमी आलं, तर विहीर कधीच उपसणार नाही, पाणी एका पातळीला येऊन थांबेल. श्रावणात गाळ काढायला आमच्याकडे कुणी हात घालत नाही ते यामुळेच असणार. बाबांना विचारलं तर म्हणाले, "एका मोटारीने हटत नाही ती, दोन लावाव्या लागतात." म्हणजे क्यू वाढवायचा!

काका, एक प्रश्न बाबांकडून. शेजाऱ्यांकडे अडीच इंची जुना पाइप पडून आहे. तो जोडून हौदाच्या पुढे वरच्या वावरात पाणी न्यायचं म्हणतायत. चालेल का?


मोटार_रिवायंडिंग
रविवार, दुपारी ३.०५

नका जोडू म्हणावं. अर्धा इंच कमी म्हणजे किरकोळ वाटतं, पण तेवढंच पाणी ढकलायचं तर अडीच इंचीत घर्षण तीन इंचीच्या अडीच पट होतं. कंपनीच्या तक्त्यातही तसंच दिलेलं असतं. मोटार चालेल, पण पाणी कमी येईल आणि बाबा मोटार बिघडली म्हणून माझ्यासारख्याकडे घेऊन येतील. तीन इंचीच घ्या, वळणं कमी ठेवा.

आणि दोन मोटारी लावायच्या तर डीपीवर आधीच किती लोड आहे ते बघून लावा.


प्राजू_एफवाय
रविवार, दुपारी ३.२०

सांगते त्यांना. पण अडीच पट कसं? तीन भागिले अडीच म्हणजे १.२. त्याचा वर्ग केला तरी १.४४ च येतो.


खडू_आणि_फळा
रविवार, दुपारी ४.००

पाचवा घात कर. १.२ चा पाचवा घात २.४९. दुकानदार दादांचा तक्ता बरोबर आहे.

तेवढंच पाणी बारीक पाइपातून न्यायचं तर वेग वाढतो, आणि तो व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. अशा जोरात वाहणाऱ्या पाण्याचं घर्षण वेगाच्या वर्गावर ठरतं. वर्गाचा वर्ग, चौथा घात झाला. पाचवा येतो भिंतीमुळे. पाणी घासतं ते परिघाला, म्हणजे व्यासाच्या प्रमाणात, आणि ढकलणारा दाब काम करतो छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. एकाला दुसऱ्याने भागलं की खाली आणखी एक व्यास उरतो.

शंकूचं उदाहरण दोन्ही पद्धतींनी लिहून दे, उलट्या टाकीसकट. विहिरीच्या पहिल्या उदाहरणात बाण काढायला विसरू नकोस.